टाळ्या मिळालेल्या चित्रानंतर

प्रिय,

तुझं पत्र आणि चित्रांचे फोटो मिळाले. खाडीवरच्या मावळतीचं चित्र लोकांनी उचलून धरलं, दोन घरांतून ‘असंच आणखी एक’ म्हणून विचारणा आली, आणि आता त्याचीच मालिका करू का, असं तू विचारतेस. हो-नाही नंतर सांगतो. आधी आर्खिप कुइंजीबद्दल लिहितो, कारण अशा टाळ्यांचं काय करायचं, हा प्रश्न त्याच्याइतका मोठा फार थोड्या निसर्गचित्रकारांपुढे उभा राहिला असेल.

कुइंजी युक्रेनमधल्या मारिउपोलचा, अझोव्ह समुद्राकाठचा. ग्रीक वंशाचं गरीब घर, बाप चांभारकाम करणारा. आई-बाप लहानपणीच गेले. पोरानं बदकं-हंस राखले, विटांच्या ठेकेदाराकडे हिशेब ठेवला. समुद्रचित्रकार आयवाझोव्स्कीकडे शिकायला म्हणून तो क्रायमियात गेला, तर तिथे रंग घोटायचं काम वाट्याला आलं. पुढे कित्येक वर्षं फोटो स्टुडिओत रिटचिंग केलं. सेंट पीटर्सबर्गच्या कला अकादमीच्या प्रवेश परीक्षेत नापासही झाला. गरिबीतून वर आला म्हणून हे सांगत नाहीये, तसल्या गोष्टी तू पुष्कळ ऐकल्या असशील. रिटचिंगकडे तेवढं लक्ष दे. वर्षानुवर्षं काळ्या-पांढऱ्या फोटोंवर बारीक ब्रश फिरवणाऱ्या माणसाच्या डोळ्याला करड्या रंगाच्या किती छटा कळत असतील! त्याचं पुढचं सगळं काम या डोळ्यावर उभं आहे, असं माझं मत आहे.

त्याचं 1875 चं एक चित्र शोधून बघ: मारिउपोलजवळचा चुमाकांचा रस्ता. चुमाक म्हणजे बैलगाड्यांनी मीठ आणि मासळीची ने-आण करणारे युक्रेनियन व्यापारी. पावसानं भिजलेला गवताळ माळ, चिखलात रुतलेल्या गाड्या, थकलेले बैल, वर शिशाच्या रंगाचं आभाळ. चित्रात चमक म्हणून नाही. सगळं करड्या-तपकिरीच्या अरुंद पट्ट्यात बसवलंय, तरी गाडी कुठे संपते आणि चिखल कुठे सुरू होतो ते कळतं. तेव्हा तो पेरेद्विझ्निकींमध्ये, म्हणजे गावोगाव फिरती प्रदर्शनं नेणाऱ्या वास्तववादी चित्रकारांच्या मंडळात होता. हे चित्र तू आधी बघावंस असं मला वाटतं. लोक थेट चांदण्यावर उडी मारतात.

ते चांदणं म्हणजे 1880 चं ‘द्निप्रोवरची चांदणी रात्र’, द्निप्रो ही युक्रेनमधली नदी. मंडळातल्याच एका सहकाऱ्यानं वर्तमानपत्रात निनावी टीका केली, त्यावरून बिनसलं आणि कुइंजी बाहेर पडला. मग सेंट पीटर्सबर्गमध्ये त्यानं एकाच चित्राचं प्रदर्शन मांडलं. खिडक्यांना पडदे, खोलीत अंधार, चित्रावर दिव्याचा झोत. बाहेर रांगा लागल्या. कॅनव्हासमागे दिवा तर ठेवला नाही ना, म्हणून लोक वाकून बघत होते.

मागे काही नव्हतं. जे होतं ते समोरच होतं. जवळजवळ सगळं चित्र त्यानं काळोखात दाबून ठेवलं. उजेडाला दिली ती चंद्राची चकती, ढगांची कड आणि नदीचा एक हिरवट पट्टा. शिवाय काठावरच्या झोपड्यांच्या खिडक्यांत तांबूस ठिपके ठेवले, त्यांच्यामुळे चंद्राचा थंडपणा अजून थंड झाला. हे अंदाजपंचे नव्हतं. विद्यापीठात पेत्रुशेव्स्की हे भौतिकशास्त्रज्ञ प्रकाश आणि रंगांवर शिकवत, तिथे तो जाऊन बसे. आवर्तसारणीवाल्या मेंडेलीव्हशीही त्याची दोस्ती होती.

आता तुझी मावळती बघ. आभाळ नारिंगी, पाणी नारिंगी, होडीची कडही नारिंगी. सगळेच ओरडतात, मग ऐकायचं कुणाचं? लोकांना आवडली ती डावीकडच्या खारफुटीमुळे. तिथे तू जांभळट काळा रंग नीट बसवलास, म्हणून शेजारचं पाणी पेटलं. हे तुला ठाऊक नसताना मालिका केलीस, तर नारिंगी वाढत जाईल आणि खारफुटी गायब होईल.

कुइंजीच्या त्या चित्राचं पुढे काय झालं तेही ऐक. एका ग्रँड ड्यूकनं, म्हणजे रशियन राजघराण्यातल्या राजपुत्रानं, ते घेतलं आणि जहाजावरून समुद्रसफरीला नेलं. खारट, दमट हवा लागली. त्यात कुइंजीनं डांबरी रंग वापरले होते. हे रंग ओले असताना खोल, मखमली दिसतात आणि वर्षांनुवर्षं काळवंडत जातात. त्याचे रंग टिकतील का, ही शंका क्रामस्कोय या चित्रकारानं तेव्हाच एका पत्रात काढली होती. आज मूळ चित्र काळवंडलेलंच बघायला मिळतं. तेव्हा स्वस्तातल्या त्या फ्लोरोसंट गुलाबीची ट्यूब बाजूला ठेव. विकत घेणाऱ्याच्या भिंतीवर ती फार दिवस टिकणार नाही.

त्याच विषयाच्या आवृत्त्या कुइंजीनंही केल्या. तो काही संत नव्हता. पण 1882 नंतर त्यानं प्रदर्शनंच थांबवली. जवळपास वीस वर्षं स्टुडिओचं दार बंद. आत काम चालू होतं. छपरावर पाखरांना दाणे घालणं आणि जखमी पाखरांवर उपचार करणंही चालू होतं, त्यावरून व्यंगचित्र निघालं! या मौनाचं फार कौतुक होतं. मी तुला ते सुचवणार नाही. त्याच्याकडे भाड्यानं दिलेली घरं होती, तुला स्वतःच भाडं भरायचं आहे. एवढंच घे, की न दाखवायच्या कामाची एक वही तुझ्याकडे असावी.

1894 मध्ये तो अकादमीत शिकवायला लागला आणि 1897 मध्ये विद्यार्थ्यांच्या संपाची बाजू घेतली म्हणून काढला गेला. पुढच्याच वर्षी त्याच पोरांना स्वखर्चानं युरोपातली चित्रं दाखवायला घेऊन गेला. त्याचाच एक विद्यार्थी, चित्रकार निकोलस रोरिक, पुढे कुलूच्या खोऱ्यात, नग्गरला येऊन राहिला. मे महिन्यात तू हिमाचलला जाणार आहेस ना? तिथलं त्याचं घर आणि चित्रं बघ. गुरूचं चांदणं त्यानं उचललेलं नाही. डोंगरांचे मोठे, सपाट आकार मात्र तो कसे शेजारी-शेजारी ठेवतो, ते वहीत उतरवून आण.

मारिउपोलला कुइंजीच्या नावाचं संग्रहालय होतं. मार्च 2022 मध्ये रशियाच्या हल्ल्यात ते उद्ध्वस्त झालं. वर्षभरानं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं त्याच्या नावापुढचं ‘रशियन’ काढून ‘युक्रेनियन’ लिहिलं. त्याची चित्रं शोधशील तेव्हा दोन्ही नावांखाली शोध, जुन्या पुस्तकांत अजून पहिलंच आहे.

तर मालिकेचं. विचारणा करणाऱ्या दोघांपैकी एकाला हो म्हण, पैशांची गरज आहे हे मला माहीत आहे. दुसऱ्याला पावसाळ्यानंतर बघू म्हणून सांग. दरम्यान त्याच खाडीवर जा, पण भर दुपारी किंवा ढगाळ सकाळी, आणि फक्त काळा, पांढरा व कच्चा अंबर (मातकट तपकिरी रंग) घेऊन पोस्टकार्डाएवढे स्टडी कर. फोटोवरून नको, जागेवर बसून. काही जमले की पाठव. फोटो दिवसाउजेडी काढ आणि फिल्टर लावू नकोस, मागच्या वेळी कुठला रंग तुझा आणि कुठला मोबाइलचा, ते मला कळलं नव्हतं.

तुझा,
सर