सरळ रेषांतून गोलाई कशी येते?

प्रश्न : मी फोंडा तालुक्यातील मराठी प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. संगणकावर घुमट या मातीच्या चर्मवाद्याचे त्रिमितीय चित्र दाखवले, तेव्हा एका मुलीने विचारले की संगणक सगळे ठिपक्यांनी आणि सरळ रेषांनीच काढतो, तर घुमटाचे पोट गोल कसे दिसते? तिला कसे समजवावे?
— एक शिक्षिका, फोंडा

उत्तर : समीकरणाचे नावही न काढता तिला खरे उत्तर देता येते, आणि ते कात्रीने द्यावे असे मला मनापासून वाटते. मुलांना १२ सेंटिमीटर बाजूचा कागदी चौरस द्या. प्रत्येक बाजूवर दोन्ही टोकांपासून पाव अंतरावर, म्हणजे ३ सेंटिमीटरवर, खुणा कराव्यात, कोपऱ्यालगतच्या दोन खुणा जोडाव्यात आणि तो कोपरा कापून टाकावा. चाराचे आठ कोपरे होतात; नव्या बाजूंवर पुन्हा पाव अंतर मोजून तेच केले की आठाचे सोळा होतात, आणि कड बोटाला टोचेनाशी होते. ही रीत जॉर्ज चायकिन यांनी १९७४ साली मांडली. संगणक मूळचे चार बिंदू आणि कापण्याचा नियम एवढेच जपून ठेवतो. चित्र जवळून पाहायचे झाले, तर तो आणखी कापतो.

मात्र 'शेवटी वर्तुळ होते' असे मुलांना कृपया सांगू नये. मूळ बाजूचा मध्यबिंदू कितीही कापले तरी जागचा हलत नाही, त्यामुळे तो केंद्रापासून ६ सेंटिमीटरवरच राहतो. कोपऱ्याच्या दिशेने मात्र हे अंतर सुमारे ६.४ सेंटिमीटर भरते. हे मुलांनी स्वतः पट्टीने मोजून पाहावे.

पृष्ठभागासाठी एडविन कॅटमुल आणि जिम क्लार्क यांनी १९७८ साली अशाच विचाराची रीत दिली : ठोकळ्याच्या प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर एक नवा बिंदू घ्यायचा, प्रत्येक कडेसाठी एक घ्यायचा आणि जुने कोपरे शेजारच्या बिंदूंकडे थोडे सरकवायचे. ६ चौकोनांचे २४ होतात, २४ चे ९६, आणि ठोकळा फुगीर दिसू लागतो.

घुमटाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दाखवण्याजोगी आहे. त्याचे पोट गुळगुळीत हवे, पण कातडे ताणून बांधतात त्या तोंडाची कड ठळकच राहायला हवी. कोणत्या कडा बोथट करायच्या नाहीत, हे चित्रकाराला संगणकाला वेगळे सांगावे लागते. त्या मुलीला खरे घुमट हातात देऊन अशा कडा खडूने रंगवायला सांगावे.