तीन वर्षांची मुलगी एकही भाजी खात नाही, काय करू?

तुम्ही लिहिलंय की मुलगी वरणभात, दूध आणि बिस्किटं एवढ्यावरच आहे, भाजी दिसली की ताटच ढकलते, आणि सासूबाई म्हणतात मोबाईल लावून भरव, जे तुम्हाला पटत नाहीये. नाही पटत तेच बरोबर आहे. मीही पुण्यातच, कर्वेनगरला राहते, माझा मुलगा आता मोठा झालाय पण तीन वर्षांचा असताना त्याचंही अगदी हेच चालायचं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भाजीचं नंतर बघू, आधी ती दिवसभरात दूध किती पिते ते मोजा. खरंच मोजा, अंदाज नको. सकाळी मोठा कप, दुपारी झोपताना एक, रात्री परत एक असं करत पाऊण लिटर कधी होतं ते कळतही नाही. या वयात दिवसाला ४०० ते ५०० मिली पुरे. जास्त झालं की पोट तर भरतंच, पण दुधात लोह जवळजवळ नसतं आणि जेवणातलं लोह अंगी लागायलाही ते आड येतं, म्हणून भरपूर दूध पिणाऱ्या गुटगुटीत पोरांचंही हिमोग्लोबिन कमी निघू शकतं. संध्याकाळी बागेतून आल्यावर जी खारी नाहीतर बिस्किटं हातात दिली जातात ती बंद करा आणि रात्रीच्या जेवणाआधी दीड-दोन तास फक्त पाणी. भूकच नसेल तर तुम्ही कितीही सुंदर भाजी करा, ती खाणार नाही.

आणि ती कमी खाते असं जे वाटतं ना, त्यातलं बरंचसं नॉर्मल असतं. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या वेळच्या तिप्पट होतं, नंतर मात्र वर्षाला साधारण दोन-अडीच किलोच वाढतं, मग भूक पहिल्यासारखी राहणार कशी? त्यात दोन ते सहा हे वयच नव्या पदार्थांना घाबरायचं, शिवाय लहान मुलांना कडवटपणा आपल्यापेक्षा जास्त जाणवतो, म्हणजे मेथी तोंडातून बाहेर आली तर तो हट्ट नाहीये, तिला ती खरंच तशी लागते.

आता मुख्य गोष्ट. रोज घरात जी भाजी होईल ती चमचाभर तिच्या ताटात वाढायची आणि त्याबद्दल एक अक्षरही बोलायचं नाही. खा बघू नाही, बघ दादा कसा खातो नाही, एकच घास माझ्यासाठी तर अजिबात नाही. खाल्ली तर टाळ्या नकोत, नाही खाल्ली तर तोंड पाडायचं नाही, ताट उचलायचं. सोबत तिला आवडणारं काहीतरी असूच दे, वरणभात आहेच, म्हणजे उपाशी राहणार नाही. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी याची छान वाटणी करून दिलीय: काय, कधी आणि कुठे वाढायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती ते मुलानं. नवी चव आपलीशी व्हायला साधारण ८ ते १५ वेळा समोर यावी लागते, काही मुलांना त्याहून जास्त, आणि आपण तीन-चार वेळा करून बघतो आणि शेजारीपाजारी सांगायला लागतो की आमची दुधी खात नाही! तेही तिच्यासमोर. तिच्यासमोर हे वाक्य कुणालाच बोलू देऊ नका.

भाजी खाल्लीस तर चॉकलेट, हे पण नको, त्यानं चॉकलेट आणखी हवंसं होतं आणि भाजी ही शिक्षा ठरते. मोबाईल लावून भरवलेलं पोटात जातं हे खरं, पण आपण काय खाल्लं आणि पोट कधी भरलं हे मुलाला समजतच नाही, म्हणजे उद्या परत मोबाईल.

सुरुवात गोडसर भाज्यांनी करा, लाल भोपळा, गाजर, मटार, बीट (बिटानंतर शू गुलाबी झाली तर घाबरू नका). लाल भोपळ्याचं दह्यातलं भरीत फोडणीत मिरची न घालता करून बघा. काही मुलांची तक्रार चवीची नसतेच, गिळगिळीतपणाची असते, अशांना भेंडीची रसभाजी चालत नाही पण पातळ काचऱ्या करून कुरकुरीत परतल्या की हातानं उचलून खातात. गाजर किसून कोशिंबीर, वर दाण्याचं कूट आणि लिंबू, लिंबानं लोहही नीट शोषलं जातं. चार वर्षांच्या आत गाजराचे कच्चे जाड तुकडे किंवा अख्खे दाणे मात्र देऊ नका, घशात अडकतात. थालीपीठात, पराठ्यात किसून घालायला माझी काहीच हरकत नाही, पण लपवून नको, तिच्यासमोर घाला, आणि ताटात भाजी भाजीच्या रूपातही दिसू दे, नाहीतर दुधी कसा दिसतो तेच तिला कळायचं नाही.

मंडईत घेऊन जा तिला. महात्मा फुले मंडई लांब पडत असेल तर कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींकडे, पण भाजी तिलाच निवडू दे. पावसाळ्यात पुरंदरकडचा मटार येतो तेव्हा परात घेऊन सोलायला बसवा (कच्चे दाणे तोंडात टाकत नाही ना तेवढं बघा). हे काम आजींकडे द्या. मोबाईल नको म्हणून भांडण्यापेक्षा त्यांना हे सोपवलं तर त्यांनाही बरं वाटेल, नातीला भरवायची त्यांची ओढ खरी असते, आणि शेंगा सोलता सोलता जी गंमत चालते ती पोरगी मन लावून ऐकते. आणि सगळ्यांनी एकत्र बसून जेवा, निदान रात्री, तुमच्या ताटातही तीच भाजी हवी.

डॉक्टरांकडे कधी जायचं: वजन वाढत नसेल किंवा कमी होत असेल, घास गिळताना ठसका लागत असेल किंवा ओकारी येत असेल, माती-खडू खात असेल, फिकट दिसत असेल, किंवा खायच्या पदार्थांची यादी वाढायच्या ऐवजी आणखी आखडत चालली असेल तर थांबू नका. बालरोगतज्ज्ञ वाढीच्या तक्त्यावर वजन-उंची बघतील, लागलं तर हिमोग्लोबिन तपासायला सांगतील, जंताचं औषध शेवटचं कधी दिलं होतं तेही त्यांना सांगा. भूक वाढायचं टॉनिक त्यांना विचारल्याशिवाय मेडिकलमधून आणू नका.