अर्ज भरण्याआधी

मुली,

अनेक आशीर्वाद.

पोलीस भरतीचा अर्ज करायचं तू नक्की केलंस, याचा मला मनापासून आनंद झाला. पत्रात बहुतेक सगळं धावण्याबद्दलच विचारलं आहेस. त्याकडे येतेच, पण शेवटी जाता जाता जे विचारलंस ते त्याहून मोठं आहे. कॉलेजातल्या मारामारीत तुझं नाव आलं होतं, पुढे प्रकरण मिटलं, तर ते अर्जात लिहायचं का?

लिहायचं. रकान्यात नेमकं काय विचारलंय ते आधी नीट वाच. गुन्हा नोंदला जाणं, अटक होणं, खटला चालणं आणि शिक्षा होणं या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. जे विचारलं असेल त्याचं पूर्ण उत्तर दे आणि कागद असतील ते जोड. २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न होता. कोवळ्या वयातली एखादी किरकोळ बाब दडवली असेल, तर तिच्याकडे काणाडोळा करण्याची मुभा न्यायालयाने नोकरी देणाऱ्याला दिली. पण खरं सांगितलं म्हणून नेमणूक द्यायलाच हवी, असंही ठरवलं नाही. म्हणजे खरं लिहूनही तुझी निवड हुकू शकते. तरीही लिही, कारण ही नोकरी शब्दावर चालते. उद्या साक्षीला उभी राहून ‘मी हे पाहिलं’ म्हणशील आणि त्या एका वाक्यावर कुणाचं तरी स्वातंत्र्य जाईल किंवा राहील.

म्हणून प्रशिक्षणात कायद्याच्या कलमांइतकाच वेळ अहवाल लिहिण्याला दे. कवायतीत मन रमतं, लिखाणाचा कंटाळा येतो, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. ‘तो दारू प्यायलेला होता’ हा निष्कर्ष झाला. तोंडाला वास येत होता, तोल जात होता, नाव सांगताना तो दोनदा अडखळला, हे तू पाहिलेलं झालं. दुसरं लिही. जे ऐकलं ते कुणाकडून ऐकलं तेही लिही. वेळ आठवत नसेल तर अंदाजे लिहिलीय असं स्पष्ट म्हण.

आता धावणं. प्रत्येक दलाची चाचणी वेगळी असते, त्यामुळे जाहिरातीत दिलेल्या अंतराचाच सराव कर, आणि तो महिनेच्या महिने आधी, हळूहळू वाढवत. एकदम अंतर वाढवलं की नडगीचं हाड त्या ताणाला पुरं पडत नाही. नडगीवर बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल, रात्री विश्रांतीतही ठणकत असेल, तर ते हाडाला सूक्ष्म तडा गेल्याचं लक्षण असू शकतं. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हे जास्त आढळतं. पाळी थांबली तर ‘सराव जोरात आहे’ असं समजून खूश होऊ नकोस. खाणं कमी पडतंय आणि हाडं कमजोर होत आहेत, याची ती सूचना असू शकते, डॉक्टरांकडे जा. उन्हात धावताना सोबतची मुलगी असंबद्ध बोलू लागली, तर तिला त्याच क्षणी सावलीत घे, गार पाण्यात बसव किंवा अंगावर गार पाणी ओत आणि मदत बोलाव. दुखणं लपवून शेवटपर्यंत टिकलेल्यांचं प्रशिक्षणार्थींमध्ये फार कौतुक होतं. मला ते मुळीच मान्य नाही. ज्या मुलीला स्वतःच्या पायाबद्दल प्रशिक्षकाला खरं सांगता येत नाही, ती वरिष्ठाला काय सांगणार?

आणि वरिष्ठाला सांगायची वेळ फार लवकर येते. मे २०२०, अमेरिकेतलं मिनियापोलिस शहर. जॉर्ज फ्लॉइड नावाच्या माणसाचा पोलिसांनी पकडल्यावर जीव गेला. त्यांच्या मानेवर गुडघा रोवून बसलेला पोलीस डेरेक शॉविन एकोणीस वर्षं सेवेत होता. फ्लॉइड यांचे पाय धरून बसलेल्या थॉमस लेनचा पूर्णवेळ पोलीस म्हणून तो चौथाच दिवस. ‘यांना कुशीवर वळवायचं का?’ असं लेनने विचारलं होतं, एकदा नव्हे, दोनदा. नकार आला आणि तो पाय धरून बसून राहिला. पुढे त्यालाही तुरुंगवास झाला. त्याला योग्य काय ते कळत होतं, म्हणून तर त्याने विचारलं. पण प्रश्नाच्या पुढचं पाऊल त्याच्याकडून पडलं नाही. बळाच्या वापराबद्दल संयुक्त राष्ट्रांनी १९९०मध्ये केलेली तत्त्वं या बाबतीत स्वच्छ आहेत: हुकूम उघड बेकायदा आहे हे ठाऊक होतं आणि तो नाकारायची संधीही होती, तर ‘वरून हुकूम होता’ हा बचाव चालत नाही.

अमेरिकेतल्याच न्यू ऑर्लीन्स शहराच्या पोलिसांनी २०१६पासून सहकाऱ्याला वेळीच अडवण्याचं स्वतंत्र प्रशिक्षण सुरू केलं. तुझ्या केंद्रात तसं काही आहे का ते विचार. नसेल, तर पकडीचा सराव करताना दोघी-तिघी मिळून हेही करा: एकीने वरिष्ठ व्हायचं, दुसरीने तिच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्याने म्हणायचं, ‘तुम्ही मागे व्हा, आता मी घेते.’ पहिल्या वेळी आवाज फुटणार नाही. तो फुटेपर्यंत करा.

तुझी,
मावशी