यादीत पहिलं नाव कुणाचं?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

शाळेतल्या भाषणासाठी केलेली तुझी यादी मिळाली. प्लेग, देवी, १९१८चा इन्फ्लुएन्झा, कॉलरा, हिवताप, एड्स, टीबी. प्रत्येकापुढे बळींचा आकडा आणि खाली तुझा प्रश्न: मानवाच्या इतिहासातला सर्वांत जीवघेणा संसर्गजन्य रोग म्हणून मुलांना कोणता सांगू? टीबी सांग. बिनदिक्कत सांग. का, ते सविस्तर लिहिते. पीएचसीवर (प्राथमिक आरोग्य केंद्रावर) तू डॉक्टर म्हणून नुकतीच रुजू झाली आहेस, त्यामुळे यातलं बरंचसं भाषणापेक्षा तुझ्या ओपीडीच्याच कामी येईल.

आधी आकड्यांचं बोलू. चौदाव्या शतकातल्या 'काळ्या मृत्यू'पुढे तू वीस कोटी लिहिलं आहेस. तसं मानणारे अभ्यासक आहेत, साडेसात कोटींवर थांबणारेही आहेत. १९१८च्या साथीचे जगभरातले अंदाज पावणेदोन कोटींपासून दहा कोटींपर्यंत जातात. एवढी तफावत असलेले आकडे एकाखाली एक मांडून पहिला-दुसरा नंबर काढू नकोस. आपल्या देशापुरता एक भक्कम पुरावा मात्र जरूर सांग. १९११ ते १९२१ हे जनगणना सुरू झाल्यापासूनचं एकमेव दशक, ज्यात भारताची लोकसंख्या घटली. एकट्या इन्फ्लुएन्झानं देशात सव्वा कोटी ते दोन कोटी माणसं नेली असावीत, आणि त्यातली बहुतेक १९१८च्या शेवटच्या काही महिन्यांत.

ती साथ मुंबईत जूनमध्ये दिसली, गोदीवर पहाऱ्याला असलेल्या पोलीस शिपायांमध्ये. सप्टेंबरात दुसरी लाट आली आणि तिनं खरा कहर केला. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागलं होतं, गावाकडची माणसं मुंबईच्या चाळींत दाटीनं राहत होती. मुंबईच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी तेव्हा समाजगटांनुसार मृत्यूंची नोंद ठेवली. युरोपियनांमध्ये हजारी आठ माणसं दगावली. ज्यांना त्या नोंदीत 'खालच्या जातींचे हिंदू' म्हटलं आहे, त्यांच्यात हजारी एकसष्ट. विषाणू एकच, शहर एकच, महिने तेच. तुझ्या यादीतले सगळे कोटींचे आकडे मुलं दुसऱ्या दिवशी विसरतील, पण हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून मुलांना विचार, असं का झालं असेल? उत्तरं तीच देतील. ज्या घरात सगळेच तापानं पडलेत, तिथे पाणी कोण देणार, पेज कोण करणार, हे खेड्यातल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही.

मला तुला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे, बाकी सगळी त्याची उदाहरणं. जंतू माणसाला आजारी पाडतो. मरण बहुतेकदा त्यानंतरच्या गोष्टींवर ठरतं. औषध वेळेवर मिळालं का, पोटात अन्न होतं का, आणि मदतीला आलेल्या माणसावर त्या घराचा विश्वास बसला का.

कॉलरा घे. आपल्याकडे त्याला पटकी म्हणत, आणि गावंच्या गावं ओस पडत. १८८४मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात त्याचा जंतू पक्का ओळखला, पण रोगी मरायचे ते मरतच राहिले, कारण मारते ती शरीरातल्या पाण्याची आणि मिठाची गळती. सलाइन शिरेतून दिलं की माणूस वाचतो हेही कळलं होतं. पण सलाइन किती असणार? १९७१मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांमध्ये कॉलरा पसरला. बोनगावच्या छोट्या रुग्णालयात डॉ. दिलीप महालनोबिस पोहोचले तेव्हा माणसं जमिनीवर, स्वतःच्या जुलाबात आणि उलटीत पडलेली होती आणि सलाइनच्या बाटल्या संपत चालल्या होत्या. त्यांनी कलकत्त्यात पुड्या भरून घेतल्या: एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. ते पाणी पिंपांत कालवलं, पिंपाला नळ बसवले, आणि रोग्यांच्या नातेवाइकांना सांगितलं की कप भरा आणि पाजत राहा. तोंडानं पाणी द्यायचं हे तेव्हा अनेक तज्ज्ञांना पटत नव्हतं. छावण्यांमध्ये कॉलराच्या रोग्यांचा मृत्युदर तीस टक्क्यांच्या घरात होता, त्यांच्या हाताखाली तो चार टक्क्यांच्या खाली आला. पाजणारे हात कुणाचे होते ते बघ: आईचे, भावाचे, शेजारणीचे.

ओआरएसची पुडी पाण्यात कालवणं शाळेत मुलांसमोर प्रत्यक्ष करून दाखव. आणि ओआरएस लिहून देताना नुसतं प्रिस्क्रिप्शन हातात ठेवून पुढच्या पेशंटला बोलावू नकोस. पुडा समोर फोडायचा, पाणी मोजायचं, पहिले चार चमचे आपल्यासमोर पाजायला लावायचे. उलटी झाली की आई पाजणं थांबवते. दहा मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू पाज, हे तिला आधीच सांगावं लागतं.

विश्वासाचं म्हणशील तर प्लेगचा इतिहास आपल्याच दारातला आहे. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी गाठीचा ताप ओळखला आणि हा प्लेग आहे असं स्पष्ट सांगितलं. काही महिन्यांतच वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या तोकड्या जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. म्हणजे विज्ञान वेगानं धावत होतं. पुण्यात मात्र रँडच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर शिरल्या. देवघर, माजघर काही पाहिलं नाही, बायकांची तपासणी केली, संशय आला की माणूस उचलून विलगीकरणाच्या छावणीत, सामान जाळायला बाहेर. परिणाम काय झाला? लोक रोगी लपवू लागले. माळ्यावर, पोत्यांमागे, दुसऱ्या गावच्या नातेवाइकांकडे. लपवलेला रोगी उपचाराविना मरतो आणि साथ वाढते. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, ते तुला शाळेपासून ठाऊक आहे.

त्याच वर्षी, त्याच पुण्याच्या परिसरात, हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात डॉ. यशवंत फुले प्लेगच्या रोग्यांवर उपचार करत होते आणि सावित्रीबाई रोग्यांना तिथे आणत होत्या. मुंढव्याच्या एका मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोग्याला घराबाहेर काढून वेगळं ठेवण्याचं काम सोजीरही करत होते आणि त्याही. एकाला लोकांनी दारं लावून घेतली, दुसरीच्या हाती आपली मुलं दिली. मला या गोष्टीपुढे पाठ्यपुस्तकातलं 'कम्युनिकेशन'चं अख्खं प्रकरण फिकं वाटतं.

देवीबद्दल थोडक्यात सांग. विसाव्या शतकातच तिनं सुमारे तीस कोटी माणसं मारली असा अंदाज आहे, आणि माणसाने कायमचा संपवलेला मानवी रोग आजवर तो एकच. जेन्नरची लस १७९६ची, मुंबईत ती पोहोचली १८०२मध्ये, आणि देवीच्या उच्चाटनाची घोषणा झाली १९८०च्या मे महिन्यात. भाषणाला गावातल्या आजी-आजोबांना बोलावलं असशील तर त्यांना दंडावरचा देवीच्या लशीचा वण दाखवायला सांग. हिवतापानं अजूनही वर्षाला सहा लाखांच्या आसपास माणसं मरतात, बहुतेक आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं. एड्सचं एकच सांग: औषधं निघाल्यावरही त्यांची वर्षाची किंमत दहा हजार डॉलरच्या वर होती आणि म्हणून गरीब देशांत माणसं मरत राहिली. २००१मध्ये मुंबईच्या सिप्लानं तीच औषधं दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी दरात देऊ केली.

आता टीबी.

कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला. त्यानंतर पाचच वर्षांत, २६ फेब्रुवारी १८८७ला, आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयानं गेल्या. वय एकवीस. अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेली मुलगी, आणि एकाही रोग्यावर मोकळेपणानं उपचार करायला मिळाले नाहीत. शाळेतल्या मुलींना हे सांगताना घाई करू नकोस. जंतू सापडला होता, औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन यायला १९४३ उजाडलं, आयसोनियाझिडला १९५२. १९५६पासून मद्रासमध्ये झालेल्या अभ्यासानं दाखवून दिलं की दाटीच्या, गरीब घरात राहून गोळ्या घेणारा रोगी सॅनेटोरियममधल्या (क्षयाच्या खास रुग्णालयातल्या) रोग्याइतकाच बरा होतो, आणि घरच्यांना त्यामुळे जास्त लागण होत नाही. साऱ्या जगानं टीबीचे उपचार घरी न्यायला सुरुवात केली ती या भारतीय अभ्यासामुळे. आज सहा महिन्यांत बहुतेक रोगी पूर्ण बरे होतात, औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे. आणि तरीही २०२३ या एका वर्षात जगात साडेबारा लाख माणसं टीबीनं मेली. जगातल्या एकूण रोग्यांपैकी पाव हिस्सा आपल्या देशात.

बाकीच्या बहुतेक साथी आल्या, हाहाकार करून ओसरल्या. हा रोग कधी ओसरलाच नाही, आणि याच्यावर तर औषध आहे. म्हणून यादीत पहिलं नाव त्याचं.

आता तुझ्या ओपीडीकडे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला म्हणजे बेडक्याची तपासणी, हे तू जाणतेसच. पण डबी देताना शिपायाच्या भरवशावर राहू नकोस. पेशंट घाईघाईत थुंकतो, डबीत नुसती लाळ येते, रिपोर्ट निगेटिव्ह, आणि माणूस आणखी दोन महिने खोकत घरच्यांना लागण करत फिरतो. उघड्यावर उभं करून सांग: आधी चूळ भर, दोनदा खोल श्वास घे, तिसऱ्यांदा छातीतून खोक. डबी हातात घेऊन उजेडात बघ. घट्ट, पिवळसर काही दिसलं नाही तर दुसरी डबी दे. आता ट्रूनॅटसारखी यंत्रं त्याच दिवशी निदान करतात आणि रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का हेही सांगतात (हे यंत्र गोव्यात बनतं, त्याचा मला फार अभिमान वाटतो), पण डबीत लाळच असेल तर यंत्र तरी काय करणार?

गोळ्या सुरू करतानाच सांग की लघवी लाल-केशरी होईल, घाबरायचं नाही. न सांगितल्यास रक्त जातंय समजून माणूस दुसऱ्या दिवशी गोळ्या बंद करतो आणि तुला कळवतही नाही. दुसरी धोक्याची जागा दोन महिन्यांनंतरची. ताप गेलेला, भूक लागतेय, कामावर परत जावंसं वाटतंय. औषध सोडणारे बहुतेक जण तिथेच सोडतात. ऊसतोडीच्या कुटुंबातला पेशंट असेल तर टोळी कधी आणि कुठल्या कारखान्यावर जाणार हे पहिल्याच दिवशी विचारून ठेव आणि तिथल्या केंद्राशी आधीच बोल.

दर भेटीला वजन कर. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात टीबीच्या कुटुंबांना दरमहा तांदूळ, डाळ असा शिधा दिला. घरातल्या इतरांना टीबी होण्याचं प्रमाण जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटलं. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन वाढलं, त्यांच्यातले मृत्यूही खूप कमी झाले. टीबीच्या रोग्याला सरकारकडून पोषणासाठी मिळणारे महिन्याचे पाचशे रुपये नोव्हेंबर २०२४पासून हजार झाले आहेत. ते खात्यात पडले का, खातं चालू आहे का, आधार जोडलंय का, हे विचारणं डॉक्टरचं काम नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस.

आणि सरकारी गाडी पेशंटच्या दारात उभी करू नकोस. देवळापाशी ठेव आणि चालत जा. घरात लग्नाची मुलगी असते, सून नवीन असते, टीबीचं नाव निघालं की सोयरीक मोडते. आशाताईला बरोबर घे; ती रोज त्या गल्लीत जाते, तिच्यासोबत गेलीस तर कुणी मान वर करून पाहणार नाही. सासरी उपचार लपवून घेणारी एखादी मुलगी तुझ्याकडे येईलच. तिच्या गोळ्या माहेरी किंवा आशाताईकडे ठेवायची सोय कर, तिला 'घरी सांग' म्हणून दटावू नकोस.

भाषण संपल्यावर मुलांना एवढंच विचार की घरात कुणी बरेच दिवस खोकतंय का. हात वर करायला लावू नकोस, चिठ्ठीवर लिहून घे. निदान झालेल्या पेशंटच्या घरातल्या प्रत्येकाची तपासणी कर. आजार नसेल त्यांना प्रतिबंधक औषध आहे, आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. लहान मुलांचं आधी बघ.

मसुदा तयार झाला की पाठव. तारखा मी तपासून देते.

तुझी,
मॅडम