भुलीची सुई की टेबलावरची कूस?

प्रश्न : सासूबाई (वय ७२) न्हाणीत घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर सांधा बदलू म्हणतात. पण गल्लीतल्या एका काकांचं असंच ऑपरेशन झालं अन् तेव्हापासून त्यांना पाऊल वर उचलता येईना. पाठीत भुलीची सुई दिली म्हणून झालं, असं सगळे म्हणतात. सासूबाई हटून बसल्यात. – एक सून, गंगाखेड

उत्तर : ताई, आम्हा भूलतज्ज्ञांच्या सुईच्या नावावर परभणी-लातुरात कंबरदुखीही खपते अन् गुडघेदुखीही! सुईने नसेला इजा होते, पण फार क्वचित. काकांना विचारा, लटकं पडलेलं पाऊल ऑपरेशनच्या बाजूचं की दुसरं?

त्याच बाजूचं असेल, तर खुब्यामागची सायटिक नस ऑपरेशनात ताणली किंवा दाबली गेली असावी. दुसऱ्या बाजूचं असेल, तर मला टेबलावरची कूस आठवते. हे ऑपरेशन बहुतेकदा पेशंटला चांगल्या कुशीवर निजवून करतात. खालच्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला एक हाडाची गाठ लागते, तिच्याजवळ पाऊल उचलणारी नस अगदी कातडीलगत असते. तिथं टेबल रुतलं, तर जागा माणूस मुंग्या येताच पाय हलवतो. भुलीतल्याला पत्ताच नसतो.

म्हणून तिथं मऊ गादी अन् दोन्ही पायांत उशी हवीच. छातीखालची गुंडाळी काखेच्या जरा खाली ठेवायची, काखेत नाही. नाहीतर हाताच्या नसा चेपतात. मी काखेत हात सरकवून बघते, मग खालच्या मनगटाची नाडी. जेलची गादी नसली तर कापूस चादरीत गुंडाळायचा, आपल्याकडे कापसाला काय तोटा! तोवर सर्जन कुरकुरतात. कुरकुरू द्यावं.

तुम्ही आत्ताच बघा : मोडलेला पाय बाहेर कलंडून गुडघा खाटेच्या लोखंडी कडेला तर टेकत नाही ना? शुगर असेल, पायाला आधीच बधिरपणा असेल तर आधी सांगा. भूल उतरली की दोन्ही पावलं वर ओढायला लावा. जमलं नाही तर रात्री दोन वाजले तरी डॉक्टरांना उठवा.

मात्र ऑपरेशन लांबवू नका. या वयात खाटेवर पडून राहिल्यानं न्यूमोनिया, जखमा, रक्ताच्या गुठळ्या होतात. जमल्यास दोन दिवसांत उरकावं.

काकांना मेंदू-मज्जातज्ज्ञांकडे न्या. नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते, महिने लागतात. तोवर पाऊल धरून ठेवणारी पट्टी बुटात घालतात का, तेवढं विचारा.