पडद्यांसाठी खिडकीचं माप कसं घ्यायचं? चौकट मोजायची की काच?

तुम्ही लिहिलंय की कांदिवलीला नव्या फ्लॅटमध्ये आलोय, शिंपी म्हणतो ‘माप पाठवा, शिवून देतो’, आणि चौकट मोजायची की आतली काच हे कळत नाही. दोन्ही मोजू नका. आधी रॉड लावून घ्या आणि मग रॉडचं माप घ्या. गोरेगावला घरीच शिवणकाम करते, बिल्डिंगमधल्या बऱ्याच जणींचे पडदे शिवलेत, आणि बिघडलेले पडदे दुरुस्तीला येतात ते बहुतेक खिडकी मोजून शिवलेले असतात. लावले की दोन्ही बाजूंनी उन्हाची पट्टी आत येते आणि खाली दोन इंच भिंत उघडी राहते.

रॉड चौकटीच्या वर पाचसहा इंचांवर आणि दोन्ही बाजूंना सात-आठ इंच बाहेर असावा. पडदा बाजूला सारला की त्याच्या चुण्या भिंतीवर जमतात, काचेवर नाही, म्हणून उजेडही पूर्ण मिळतो. पण आपल्याकडच्या बेडरूममध्ये एका बाजूला कपाट नाहीतर एसी असतोच. तिथे जबरदस्तीने दोन्हीकडे सारखी जागा सोडू नका. कपाटाच्या बाजूला दोन इंच, दुसरीकडे दहा इंच, असंही छान दिसतं. ब्रॅकेट भिंतीपासून पुरेसा पुढे येणारा घ्या, नाहीतर खिडकीखालच्या ग्रॅनाइटच्या पट्टीवर पडदा अडकून फुगतो. खिडकीच्या वर काँक्रीटचा लिंटेल, म्हणजे आडवी तुळई, असतो, साध्या ड्रिलने तिथे भोक पडत नाही. हॅमर ड्रिलवाला सुतार किंवा इलेक्ट्रिशियन बोलवा. रॉड पाच-सहा फुटांपेक्षा लांब असेल तर मध्ये तिसरा ब्रॅकेट हवाच, पडदे भिजले की वजन वाढतं आणि रॉड वाकतो.

आता माप. शिंप्याचा कापडी टेप नको, तो वापरून वापरून ताणला जातो. सुताराचा स्टीलचा टेप घ्या. रॉडपासून खालपर्यंत डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशी तीन ठिकाणी उंची मोजा. नव्या इमारतीतसुद्धा लादी आणि भिंत अगदी सरळ नसते, अर्ध्या इंचाचा फरक मी कितीदा पाहिलाय. जमिनीपर्यंतचा पडदा असेल तर तिन्हीतलं सर्वांत कमी माप धरा आणि त्यातून एक इंच वजा करा. रोजची लादी पुसणं आणि पावसाळा या दोन्हीत कडा काळ्या पडतात. तुमची खिडकी पश्चिमेची असेल तर मी जमिनीपर्यंतचा पडदा घेऊच नका असं सांगेन. जून ते सप्टेंबर पाऊस त्याच बाजूने मारतो, आणि ओला पडदा घरात वाळत नाही. खिडकीखालच्या कट्ट्याच्या खाली सात-आठ इंच आला की पुरे.

एक उदाहरण करून बघू. खिडकी ५ फूट रुंद, ४ फूट उंच. रॉड दोन्हीकडे ८ इंच बाहेर, म्हणजे ७६ इंच. रॉड चौकटीच्या ६ इंच वर आणि पडदा कट्ट्याच्या ८ इंच खाली, म्हणजे तयार उंची ६२ इंच. चुण्या नीट पडायला कापड रॉडच्या दुप्पट तरी हवं, १५२ इंच. उंचीत वरची-खालची दुमड म्हणून १० इंच वाढवा, ७२ इंच झाले. आता दुकानदाराला भाव विचारायच्या आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. ५४ इंचाचा पन्हा असेल तर ७२ इंच लांबीचे तीन पन्हे जोडून काम होतं, साधारण साडेपाच मीटर. ४८ इंचाचा असेल तर तीन कमी पडतात, चार घ्यावे लागतात, जवळजवळ साडेसात मीटर. मीटरमागे स्वस्त दिसणारं कापड शेवटी महाग पडतं ते असं. कापड घ्यायला मंगलदास मार्केटला किंवा हिंदमाताला जाताना हे दोन्ही आकडे कागदावर लिहून न्या. मोठ्या फुलांची डिझाइन असेल तर जोडावर फूल जुळवायला प्रत्येक पन्ह्यामागे एक डिझाइनभर कापड जास्त लागतं.

सुती कापड असेल तर शिवण्याआधी एकदा भिजवून वाळवा. पहिल्या धुण्यात इंच-दोन इंच आटतं. रिंगवाले पडदे शिवून घेणार असाल तर एका पडद्यात रिंगा सम संख्येत सांगा, आठ किंवा दहा. विषम झाल्या तर पडद्याची एक कड भिंतीकडे आणि दुसरी खोलीकडे वळते.

शिंप्याला माप पाठवताना नुसतं ‘६२ बाय ७६’ लिहू नका. एकदा माझ्याच बहिणीच्या घरचं असं पाठवलं होतं आणि उंची-रुंदीची अदलाबदल होऊन आली. दिवाळी चार दिवसांवर होती, तिला फार वाईट वाटलं होतं. तेव्हापासून मी शब्दांत लिहिते: ‘हॉल, रॉडची रुंदी ७६ इंच, रॉडपासून तयार उंची ६२ इंच, दोन पडदे, रिंगवाले.’ प्रत्येक खिडकीचं वेगळं, एका आकाराच्या वाटल्या तरी.

आणि घर भाड्याचं असेल तर खालची दुमड पाच-सहा इंचांची ठेवायला सांगा, त्यासाठी वरच्या हिशोबात आणखी दोन-तीन इंच धरा. अकरा महिन्यांनी दुसरीकडे गेलात आणि तिथली खिडकी उंच निघाली, तर दुमड उसवून तेच पडदे वापरता येतात.