पैसे आले, पण अजून आपले नाहीत

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

वर्षभरात प्रीमियम एवढा वाढला, शाखाशाखांत पेढे वाटले गेले आणि तरी हिशेबात तोटाच कसा, हा तुझा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं. नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात तो पडला म्हणजे तू आकडे नुसते भरत नाहीस, वाचतेस. आरोग्य विम्याच्या हिशेबाची निम्मी समज या एका प्रश्नात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुझ्या मेसच्या मावशी १ तारखेला महिन्याचे ३,००० रुपये घेतात. त्यातले १०० रुपये त्यांचे होतात ते त्या दिवसाचा डबा पोचल्यावर. १० तारखेला मेस बंद करावी लागली तर उरलेले २,००० त्यांना परत द्यावे लागतील, कारण ते पैसे तुझेच होते, फक्त त्यांच्या डब्यात पडून होते. विमा कंपनीचं असंच आहे. आपण डबा देत नाही, एक दिवसाची जोखीम अंगावर घेतो. त्यात १९३८ च्या विमा कायद्यातलं कलम ६४ व्हीबी सांगतं की प्रीमियम हाती आल्याशिवाय जोखीम घ्यायचीच नाही. म्हणजे आपल्याकडे रुपया येतो तो आधी देणं म्हणूनच येतो.

आता कागद घे. १ फेब्रुवारी २०२५ ला सुरू झालेली एक वर्षाची पॉलिसी, प्रीमियम १८,२५० रुपये. दिवसाला बरोबर ५० रुपये पडतात. ३१ मार्चपर्यंत फेब्रुवारीचे २८ आणि मार्चचे ३१, असे ५९ दिवस झाले. कमाई २,९५० रुपये. उरलेल्या ३०६ दिवसांचे १५,३०० रुपये अनअर्न्ड, म्हणजे अजून न कमावलेल्या, प्रीमियमच्या राखीव निधीत, म्हणजे आपण ज्याला दिवसभर यूपीआर म्हणतो त्यात, पुढच्या वर्षासाठी बाजूला. इथपर्यंत तुला ठाऊक आहेच. पण त्याच पॉलिसीवर एजंटला २० टक्के कमिशन दिलं असं धर: ३,६५० रुपये. हे कमिशन सध्याच्या पद्धतीत ३६५ दिवसांवर पसरत नाही, ते सगळंच्या सगळं याच वर्षाच्या खर्चात बसतं. कमाई २,९५०, कमिशन ३,६५०. हॉस्पिटलचं एकही बिल यायच्या आधी, तुझा-माझा पगार धरायच्या आधी, ७०० रुपये तोटा.

ही पॉलिसी वाईट नाही. कदाचित वर्षअखेर ती चांगला नफाही देईल. पण खर्च या वर्षात आणि कमाई पुढच्या वर्षात, अशी तिची फाळणी झाली आहे. कंपनी जितक्या वेगानं वाढते तितक्या अशा पॉलिस्या जास्त, आणि प्राप्तिकरातल्या वजावटीसाठी लोक जानेवारी ते मार्चमध्येच धावत येतात, त्यामुळे घाव आणखी खोल बसतो. वाढ आणि तोटा एकत्र दिसले की लगेच कुणाची चूक शोधू नकोस, आधी ही फाळणी तपास.

दिवस मोजण्याऐवजी निव्वळ प्रीमियमच्या सरसकट ५० टक्के रक्कम राखून ठेवायचा दुसरा मार्गही नियमात राहिला आहे. त्यामागचं गृहीत असं की विक्री वर्षभर सारखी होते. मला तो कधीच पटला नाही. २५ मार्चला विकलेल्या आपल्या याच पॉलिसीचे वर्षअखेर सातच दिवस झालेले असतात, खरी कमाई ३५०. सरसकट पद्धत म्हणते ९,१२५. उलट २०२० च्या जुलैत निघालेली कोरोना कवच पॉलिसी आठव. तिच्या मुदती साडेतीन, साडेसहा आणि साडेनऊ महिने. साडेतीन महिन्यांची जुलैतली पॉलिसी दिवाळीपर्यंत संपलेली, तरी तिच्यातला अर्धा प्रीमियम मार्चमध्ये राखीव ठेवायचा? दिवस मोजावेत, त्याला पर्याय नाही.

एक प्रसंग सांगतो. मी नवा होतो तेव्हा मार्चअखेर नूतनीकरणाचे ढिगानं पैसे यायचे, आणि त्या वर्षी ते सगळे मी मार्चच्या प्रीमियममध्ये धरले. पावत्या मार्चच्या, बँकेत जमा मार्चमध्ये, मला शंकाच आली नाही. आमच्या विभागप्रमुख बाईंनी ढिगातून एक पॉलिसी काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. विमा सुरू: १ एप्रिल, ००.०० वाजता. म्हणाल्या, "हा माणूस आज रात्री आजारी पडला तर या कागदावर आपण पैसे देणार का?" मी म्हटलं, नाही, जुनी पॉलिसी देईल. "मग या कागदाचा प्रीमियम आज आपला कसा?" त्या रात्री दोन वाजेपर्यंत आम्ही दोघांनी मिळून एकेक नोंद आगाऊ जमा रकमेत हलवली. तेव्हापासून पावतीची तारीख मी दुसऱ्यांदा पाहतो. पहिल्यांदा पाहतो जोखीम सुरू होण्याची तारीख. तूही हीच सवय लाव. आणि आलेल्या रकमेत जीएसटी असेल तर तो आधी वेगळा काढ. वैयक्तिक आरोग्य पॉलिसींवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला, पण कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी घेतात त्या ग्रुप पॉलिसींवर तो आहेच.

आता बहुवार्षिक पॉलिसी. तीन वर्षांचे ४८,००० रुपये एकदम भरले की पूर्वी सगळेच त्या वर्षाच्या एकूण प्रीमियममध्ये, जीडब्ल्यूपीमध्ये, मिरवायचे. १ ऑक्टोबर २०२४ पासून इर्डानं, म्हणजे विमा नियामकानं, १/एन पद्धत लावली, जितकी वर्षं तितके समान भाग: यंदा १६,०००, बाकी ३२,००० आगाऊ जमा म्हणून ताळेबंदात. त्यामुळे त्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे वाढीचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नकोस. कुणी केलेली दिसली तर नम्रपणे विचार.

रीइन्शुरन्सबद्दल, म्हणजे आपल्या जोखमीचा हिस्सा प्रीमियमसह दुसऱ्या विमा कंपनीकडे सोपवण्याबद्दल, तू लिहिलंस, "जोखीम पुढे ढकलली की आपण मोकळे." हे वाक्य तुझ्या मनातून मला काढायचंय, म्हणून इथे थोडा थांबतो.

प्रत्येक पॉलिसीचा ठरलेला हिस्सा जीआयसी री या सरकारी रीइन्शुरन्स कंपनीला द्यावाच लागतो, २०२२-२३ पासून तो ४ टक्के आहे, त्याआधी ५ होता. चर्चगेटच्या 'सुरक्षा' इमारतीवरून तू रोज जातेस, तीच ही संस्था. त्यापलीकडे आपण आपल्या मर्जीनं ट्रीटी, म्हणजे रीइन्शुरन्सचा करार, करतो. समजायला सोपं म्हणून तो ४ टक्क्यांचा हिस्सा बाजूला ठेवू आणि आपल्या १८,२५० च्या पॉलिसीवर ४० टक्क्यांचा क्वोटा शेअर, म्हणजे प्रीमियम आणि क्लेम दोन्हींत रीइन्शुररचा तेवढा वाटा, लावू. ७,३०० रुपये रीइन्शुररला गेले, आपल्याकडे १०,९५० उरले. म्हणजे दिवसाला ३० रुपये. ५९ दिवसांची कमाई १,७७०, राखीव ९,१८०. पण रीइन्शुरर आपल्याला कमिशन देतो, कारण ग्राहक शोधायचा खर्च आपण केला. ते २५ टक्के धर: १,८२५ रुपये, आणि हे उत्पन्नही ज्या वर्षी जोखीम दिली त्याच वर्षात धरतात. आपलं निव्वळ कमिशन ३,६५० वजा १,८२५, म्हणजे १,८२५. कमाई १,७७०. तोटा ५५ रुपये.

७०० चे ५५ झाले. एकही रुग्ण कमी झाला नाही, एकही बिल घटलं नाही. हे ६४५ रुपये बक्षीस नाहीत. पुढच्या वर्षात १५,३०० ऐवजी ९,१८० च आपल्या वाट्याला येणार, ६,१२० रीइन्शुररचे, आणि त्याबदल्यात क्लेमचे ४० टक्के त्याचे. पुढच्या वर्षी ट्रीटी बंद केली की नव्या विक्रीचा पूर्ण भार पुन्हा आपल्यावर, झाकलेला तोटा उघडा पडतो. म्हणून कुठल्याही वाढत्या कंपनीचा नफा पाहशील तेव्हा आधी तिनं किती प्रीमियम पुढे दिला ते पाहा. मी ट्रीटीच्या विरोधात नाही. सॉल्व्हन्सीचं, म्हणजे देणी भागवण्याच्या ताकदीचं, प्रमाण किमान १.५० ठेवावं लागतं आणि वाढीला भांडवल लागतं. क्वोटा शेअरनं तो ताण काही अंशी हलका होतो, हा सरळ आणि रास्त उपयोग आहे. फक्त तो वर्षाचं तोंड रंगवायला वापरला जाऊ नये.

आता मोकळं होण्याचं. समजा या ग्राहकाचं दोन लाखांचं बिल आलं. रीइन्शुररच्या वाट्याला ८०,००० येतात. पण हॉस्पिटलला दोन लाख आपणच देतो, आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. त्या तीन तासांत रीइन्शुररला फोन करायला कुणी बसत नाही. ग्राहकाला त्याचं नावही ठाऊक नसतं, त्याचा करार फक्त आपल्याशी. ८०,००० हे आपलं रीइन्शुररकडून येणं, आणि ते तिमाही स्टेटमेंट जुळल्यावर येतं. स्टेटमेंट जुळलं नाही तर ते येणं वर्षानुवर्षं ताळेबंदात लोंबकळतं. तुला कधी रीइन्शुरन्सची जुळवाजुळव दिली तर ते दुय्यम काम समजू नकोस. मी त्या टेबलावर दोन वर्षं काढली आणि ट्रीटी तिथेच शिकलो.

गुणोत्तरांविषयी एकच गोष्ट, कारण नवी माणसं इथे नेमकी घसरतात. क्लेमचं प्रमाण आपण निव्वळ अर्जित, म्हणजे रीइन्शुररचा वाटा वजा जाता कमावलेल्या, प्रीमियमवर काढतो, खर्चाचं आणि कमिशनचं निव्वळ लिखित, म्हणजे तोच वाटा वजा जाता विक्रीच्या पूर्ण, प्रीमियमवर. दोन्हींची बेरीज करून कंबाइंड रेशो सांगतात, पण छेद वेगळे आहेत. वेगानं वाढणाऱ्या कंपनीत लिखित प्रीमियम अर्जितापेक्षा बराच मोठा असतो, म्हणून खर्चाचं प्रमाण आहे त्यापेक्षा सौम्य दिसतं. विमा करारांच्या हिशेबाचं नवं मानक, इंड एएस ११७, ऑगस्ट २०२४ मध्ये अधिसूचित झालं आहे. त्याच्या पद्धतीत ग्राहक मिळवण्याचा खर्च पॉलिसीच्या मुदतीवर पसरवता येतो आणि रीइन्शुरन्स वेगळा मांडावा लागतो. पण जुनी पद्धत घट्ट कळली नाही तर नवी नुसती पाठ होईल.

तेव्हा या रविवारी आपल्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघड. शेड्यूल १ मधून एकूण प्रीमियम, पुढे दिलेला प्रीमियम आणि यूपीआरमधला फरक या तीन ओळी उतरव. शेड्यूल ३ मधून दिलेलं कमिशन आणि रीइन्शुरन्सवर मिळालेलं कमिशन. मागच्या दोन वर्षांचे हेच पाच आकडे शेजारी लिही. क्वोटा शेअर नसता तर नफा किती राहिला असता, याचा अंदाज हातानं काढ, एक्सेल उघडू नकोस. तो कागद मला पाठव. मग २९ मार्चला दाखल होऊन ४ एप्रिलला घरी गेलेल्या रुग्णाचं बिल कुठल्या वर्षात धरायचं, ते पुढच्या पत्रात बोलू.

तुझा,
काका